एक्झिल्दा, म्हणवणारी ब्रिझफेर

आमच्या सेंत-आमारांतमध्ये मुलगी झाली की तिचं पहिलं नाव मारी, मुलगा झाला की जोझेफ. ती नावं देवाकडे जमा. त्यांनी कुणी हाक मारत नाही. दुसरं नाव गॉडमदरचं. तिसरं तिचं स्वतःचं, आई दारात उभी राहून जेवायला बोलावते ते. आणि एवढं सगळं करून गावात ओळख राहते ती निराळीच, आजोबा-बापाची नावं एकापुढे एक लावून. एक्झिल्दाला सगळे नार्सिसच्या ओविदची एक्झिल्दा म्हणायचे. नार्सिस ब्रिझफेर आजोबा, ओविद ब्रिझफेर वडील. तिला कुणी नुसतं एक्झिल्दा म्हटलं तर ती वळून बघायचीसुद्धा नाही, म्हणायची, कुणाची ते तर सांग.

आणखी एक चाल आमच्याकडे होती. पाळण्यातलं मूल गेलं, की त्याचं नाव पुढच्या मुलाला द्यायचं. नाव वाया जाऊ द्यायचं नाही. एक्झिल्दाच्या आधी ओविद आणि माल्विनाला एक मुलगी झाली होती, तीही एक्झिल्दाच. पाच महिन्यांची होऊन गेली. दफनभूमीत उत्तरेच्या कुंपणाकडे लहान मुलांचा कोपरा आहे, तिथे तिचा हातभर उंचीचा लोखंडी क्रूस होता. एक्झिल्दा दर रविवारी मिस्सा झाली की तिथे जायची, गवत उपटायची, आणि स्वतःचंच नाव वाचत एक जपमाळ म्हणायची. लहानपणी आई तिला म्हणाली होती, तू दोघींच्या वाटणीचं जगतेयस, तेव्हा दोघींच्या वाटणीचं काम कर. तिने केलं. सात भावंडांतली थोरली म्हणून ती लग्न न करता घरी राहिली. धाकट्यांना तिने वाढवलं. माल्विनाचे पाय गेले तेव्हा नऊ वर्षं तिचं अंथरूण बदललं. मरायच्या आठवड्यात माल्विनाने तिला सांगितलं होतं, दगडाखाली माझ्या डाव्या हाताला तुझी जागा. कुणाला देऊ नकोस.

ब्रिझफेरांचा दगड दफनभूमीतला सगळ्यात उंच. त्याखाली दोन जागा उरल्या होत्या. एक्झिल्दाला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं, ती डाव्या हाताची जागा तेवढी हवी होती. ती हे लपवायची नाही. दुकानात रांगेत उभी असतानाही सांगायची, जशी एखादी मुलीचं लग्न ठरल्याचं सांगते.

मी चर्चच्या कचेरीत नोंदवह्या सांभाळते. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. त्या वर्षी, चौऱ्याहत्तर सालच्या लेंटमध्ये, इस्टरआधीच्या उपवासांत, एक्झिल्दाचा सगळ्यात धाकटा भाऊ रोझेर क्वेबेक शहरातून माझ्याकडे आला. तो शाळा-तपासनीस होऊन निवृत्त झाला होता, आणि निवृत्त झालेल्या माणसाला होतं तसं त्याला घराण्याचं वेड लागलं होतं. पहिला ब्रिझफेर आमच्या नदीकाठी उतरला त्याला जुलैत तीनशे वर्षं होणार होती. रोझेरने मोठा मेळावा ठरवला होता. मिस्सा, मिरवणूक, जेवण, आणि सभागृहाच्या भिंतीवर कापडावर रंगवलेला वंशवृक्ष. झाडाचं प्रत्येक पान दाखल्यावरून लिहायचं, ऐकीव काही नाही, असं त्याने मला बजावलं.

त्याला पहिल्या पुरुषाची लग्नाची नोंद आधीच मिळाली होती आणि ती तो मिस्साची प्रार्थना म्हणावी तशी तोंडपाठ म्हणायचा: मातुरँ रिवार, म्हणवणारा ब्रिझफेर. मातुरँ शिपाई होता. पलटणीत कप्तानाने त्याला ते टोपणनाव दिलं, लोखंड मोडणारा म्हणून. पुढे दोन पिढ्यांनी रिवार गळून पडलं आणि ब्रिझफेर तेवढं उरलं.

मी सातही भावंडांची पानं काढायला बसले. एक्झिल्दाचा बाप्तिस्मा एकोणीसशे बारा, तीन मे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दफन: मारी-एक्झिल्दा, ओविद ब्रिझफेर आणि माल्विना गामाश यांची मुलगी, वय पाच महिने. ही पहिली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग मी दुसरीचा बाप्तिस्मा शोधायला पान उलटलं. नव्हता. पुढचा बाप्तिस्मा तिच्या पाठच्या भावाचा, दोनाचा, एकोणीसशे तेरा, नऊ जून.

रोझेर माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने पुन्हा मागे जायला सांगितलं, पुन्हा पुढे. ऑक्टोबर ते जून. दोना पोटात असताना माल्विनाला आणखी एक मूल होणं शक्य नव्हतं, हे मोजायला बोटंही लागत नव्हती.

मी म्हटलं, शेजारच्या गावच्या वहीत असेल. तो म्हणाला, मे महिन्यात बाळंत झालेली बाई पुढच्या जूनमध्ये पुन्हा बाळंत होते, मधलं बाळ शेजारच्या गावची वही देते का?

मग त्याने दफनाच्या नोंदीवर बोट ठेवलं. मला वाटलं, त्याला वाईट वाटतंय. एक्झिल्दाने त्याला बाटलीने दूध पाजलं होतं, माल्विनाचं आटलं होतं म्हणून. पण त्याने विचारलं ते असं: दफनाच्या दाखल्याची शिक्क्याची नक्कल किती दिवसांत मिळेल?

मी म्हटलं, राहू द्या ना. कुणाचं काय बिघडलंय. तो म्हणाला, लेदा, तुम्ही देवाधर्माच्या बाई आहात, तुम्ही मला खोटं लिहायला सांगताय? नातेवाइकाला नक्कल मागायचा हक्क असतो. आमच्या फादर कुतूरिएंनी सही केली, शिक्का मी मारला.

एक्झिल्दाचं घर कचेरीसमोरच, रस्ता ओलांडला की. मी तिला जाऊन सांगायला हवं होतं. मी नऊ दिवसांची प्रार्थना धरली, रोझेरचं मन मऊ व्हावं म्हणून. ती संपली तेव्हा दुसरी धरली. एक्झिल्दा त्या सगळ्या दिवसांत खिडकीत बसून मिरवणुकीचा झेंडा भरत होती, निळ्या कापडावर सोनेरी दोऱ्याने, आणि मी दिसले की तो उचलून दाखवायची. थोरली म्हणून झेंडा तीच धरणार होती. मातुरँचं नाव पुरं झालं त्या दिवशी तिने मला आत बोलावून कॉफी दिली.

मेळाव्याला तीनशेवर माणसं आली. मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांकडे गेलेले ब्रिझफेर मोठमोठ्या गाड्यांतून आले आणि मोडकंतोडकं फ्रेंच बोलत एकमेकांना आजोबांची नावं विचारत फिरले. एक्झिल्दाने कणकेच्या पारीत खिमा भरून चाळीस तुर्तिएर भाजल्या होत्या, सगळा खिमा आदल्या चार दिवसांत स्वतः मळून, आणि मेपलच्या साखरेची टार्ट वेगळी. मिरवणुकीत ती पुढे चालली. झेंडा जड होता, वारा नदीवरून येत होता, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही. रोझेर तिच्या मागे दोन पावलांवर. मी बघत होते. त्याने एकदाही तिला थांबवलं नाही.

सभागृहात जेवणं उरकत आली तेव्हा रोझेरने झाडावरचा पडदा ओढला. टाळ्या झाल्या. लोक उठून आपापलं पान शोधायला गेले, मुलांना उचलून दाखवू लागले. गिरणीकडचा एक चुलतभाऊ, आर्मेल त्याचं नाव, हातात ताट घेऊन झाडाखाली उभा होता. तो मोठ्याने हसला.

"एक्झिल्दा, अगं तू तर कधीच मेलीयस की. मग ह्या तुर्तिएर कुणी केल्या गं?"

सगळे हसले. एक्झिल्दा हात पुसत पुढे आली. तिच्या पानावर लिहिलं होतं: मारी-एक्झिल्दा, १९१२–१९१२. तीही हसली. रोझेरला म्हणाली, रंगाऱ्याने गडबड केलीय, पुढचं साल पुसायला सांग, मला अजून थोडं काम आहे. आणि बाजूच्या बायकांना म्हणाली, पहिलीचं साल माझ्या पानावर आलंय, बिचारीला वेगळं पान द्यायला हवं होतं.

"ती चूक नाही," रोझेर म्हणाला. "हे पान पहिलीचंच आहे. दुसरी नव्हती."

त्याच्या हातात माइक होता, पाहुण्यांचं स्वागत करायला घेतलेला. त्याने तो खाली ठेवला नाही. खिशातून घडी केलेला दाखला काढला आणि वाचला, शिक्क्यासकट. मग दोनाच्या बाप्तिस्म्याची तारीख वाचली. मग समजावून सांगितलं, तपासनीस वर्गाला समजावतो तसं, सावकाश, कुणी मागे राहू नये असं. आपली बहीण गेली. आई-बापांनी दुःखात कुठूनतरी एक मूल आणलं, त्याला तिचं नाव दिलं आणि जुन्या फादर गोस्लँनी डोळेझाक केली. त्या मुलीने घरात पुष्कळ केलं, ते कुणी नाकारत नाही. पण झाड हे रक्ताचं असतं.

दोना ऐकायला कमी येतं म्हणून बायकोला विचारत होता, काय म्हणाला, काय म्हणाला. ती त्याला गप्प करत होती.

एक्झिल्दा झाडाकडेच बघत होती. तिने आवाज चढवला नाही. तिला ते येतच नसे.

"मातुरँचं ब्रिझफेर हे नाव तरी त्याच्या आईने ठेवलं होतं का, रोझेर? मी झेंड्यावर भरलंय ते. त्यालाही दुसऱ्यानेच दिलं."

"त्याला ते राजाच्या पलटणीत मिळालं," रोझेर म्हणाला. "तुला मिळालं मेलेल्या पोरीच्या पाळण्यात."

हे माइकमधून गेलं. मला वाटतं, त्यालाही ते माइकमधून जायला नको होतं. पण मागे घ्यायची त्याला सवय नव्हती.

एक्झिल्दा स्वयंपाकघरात गेली आणि ताटं धुवायला लागली. कुणीतरी म्हणेल, अहो राहू द्या, म्हणून मी वाट बघितली. कुणी म्हणालं नाही. शेवटी रोझेरची बायको यूगेत आत आली. ती तीस वर्षं एक्झिल्दाला अगं-तुगं करायची, तिच्याकडून बाळंतपणं करून घेतलेली. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जेवण फार छान झालं हो तुमचं." त्या तुम्हीवर एक्झिल्दाच्या हातातलं ताट निसटलं. फुटलं नाही, पत्र्याचं होतं. यूगेत पुढे म्हणाली, घराची काळजी करू नका, तुम्ही आहात तोवर तिथेच राहा, आम्ही काय राक्षस नाही. फक्त ती दगडाखालची जागा. रोझेरचं आणि माझं ठरलंय तिथलं. तुम्हाला आता तसं अवघडच वाटेल ना, परक्या माणसांत.

म्हणजे हे तेव्हा कळलं, माझ्यासकट सगळ्यांना. शहरात त्यांच्याकडे दफनाची जागा नव्हती.

दगडाखालच्या जागा रोझेरला सोडल्याच्या कागदावर जिवंत भावंडांच्या सह्या लागत होत्या. रोझेर आठवडाभर राहून त्या गोळा करत फिरला. दोनाकडे तो गेला तेव्हा मी तिथेच होते, त्याच्या बायकोला सणाची पत्रकं द्यायला गेलेले. दोना म्हणाला, आम्ही दोघं एका ताटात जेवून वाढलोय, रोझेर, माझ्या पायाला भाजलं तेव्हा तीच रात्रंदिवस बसली. रोझेर म्हणाला, हो, म्हणूनच तिच्यासाठी आपण रोज प्रार्थना करायची. दोनाने चष्मा शोधला, कागद डोळ्यांशी नेला, तो त्याला वाचता येत नव्हता आणि तसं सांगायची त्याला लाज होती. तू शिकलेला आहेस, एवढं म्हणाला आणि सहीच्या जागी आपली खूण केली.

ऑगस्टच्या शेवटी एक्झिल्दा माझ्याकडे आली. म्हणाली, क्वेबेकला सिस्टरांचं अनाथालय आहे, तिथे बघायचंय. तू वह्या वाचतेस, तू चल. आम्ही बसने गेलो. तिने नवा कोट घातला होता, आणि डब्यात टार्टचा तुकडा नेला होता, तिथे जी भेटेल तिला द्यायला.

म्हाताऱ्या सिस्टरने एकोणीसशे बाराची वही काढली. त्या काळी दारात ठेवलेली मुलं आठवड्याला दहा-बारा यायची, असं ती सांगत होती. नावं संपायची. मग दप्तर ठेवणारी सिस्टर सोपं करायची. त्या वर्षी तिने आडनावाच्या जागी महिना लिहायला सुरुवात केली होती. पान भरून सगळी भावंडं असावीत तशी एकाच आडनावाची मुलं होती. सिस्टरचं बोट एका ओळीवर थांबलं. मारी-क्लोतिल्द नोव्हेंबर. आई-बाप अज्ञात. वय अंदाजे पाच महिने. बाप्तिस्मा सतरा नोव्हेंबर. सव्वीस तारखेला सेंत-आमारांतच्या ओविद ब्रिझफेरांकडे दिली.

समासात बारीक अक्षरात आणखी काही होतं. सिस्टरने ते वाचलं नाही. एक्झिल्दाने मला वाचायला सांगितलं. मी म्हटलं, काही विशेष नाही. ती म्हणाली, लेदा, तू आता माझ्याशी पण गप्प राहणार का? तेव्हा मला कळलं की तिला ते सगळं माहीत आहे, मी आधी शोधलं आणि मी रस्ता ओलांडला नाही ते.

मी वाचलं. मागणी: मुलगी, केस काळे, पाच महिन्यांच्या आसपास. बारा तारखेला दिलेली पहिली परत केली, केस भुरे निघाले, बायको घेईना.

एक्झिल्दाने डोक्यावरची टोपी काढून केस सारखे केले. पांढरे झालेले होते. तिने विचारलं, ती भुऱ्या केसांची, तिचं पुढे काय झालं? सिस्टरने एक ओळ वर बघितलं. डिसेंबरात वारली होती. त्या हिवाळ्यात पुष्कळ मुलं गेली, सिस्टर म्हणाली, खोकल्याची साथ होती.

डबा तिने सिस्टरला दिला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी जपमाळ काढली. मोंमाग्नी गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "आईने मला केस बघून घेतलं. धान्य बघून घ्यावं तसं. आणि मी तिचे पाय चोळले नऊ वर्षं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "तरी मला तिच्याच शेजारी जायचंय. एवढा मूर्खपणा बघितलायस कुठे?"

तिने रोझेरला एक पत्र पाठवलं. मला दाखवलं होतं. मी झाडावर नको, झेंडा परत देते, पण डाव्या हाताची जागा आईने स्वतः दिली होती तेवढी द्या; तुम्ही दोघं एकाच जागी एकावर एक गेलात तर मी बाजूला मावेन, मी बारीक आहे. उत्तर आलं ते टंकलिखित. आईने जागा दिली ती तिच्या मुलीला, आणि ती मुलगी एकोणीसशे बारापासून दफनभूमीतच आहे.

गावाने तिला काही वाईट म्हटलं नाही. आमच्या गावात तसं कुणी करत नाही. फक्त दुकानात, पोस्टात, हळूहळू शब्द बदलला. नार्सिसच्या ओविदची म्हणायचे ते ओविदकडची एक्झिल्दा म्हणू लागले, जसं कुणाकडची शेरड, कुणाकडची घोडी. म्हणणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. तिच्या आलं. ती मिस्साला पहिल्या बाकावर बसायची, ब्रिझफेरांचं नाव कोरलेल्या; ते सोडून ती मागे खांबाशी बसू लागली. रविवारी लहान मुलांच्या कोपऱ्यात जाणं मात्र चालू राहिलं. आता ती तिथे जास्त वेळ थांबायची.

दुसऱ्या वर्षीच्या ऑल सोल्सच्या, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, नोव्हेंबरात, मी तिच्याबरोबर गेले. थंडीने गवत कुरकुरत होतं. तिने क्रूसावरचा गंज हातमोज्याने पुसला. विचारलं, मी मेले की वहीत काय लिहिशील? मी म्हटलं, फादर सांगतील ते. ज्या नावाने बाप्तिस्मा झाला ते लिहायचा नियम आहे. ती म्हणाली, म्हणजे तो महिना. मी हो म्हटलं. तेव्हा तिने क्रूसाकडे बोट केलं.

"मला इथे घाला. इथे माझं नाव आधीच आहे. कोरायला नको, कुणाला विचारायला नको. हिचं मी त्रेसष्ट वर्षं वापरलं, आता हिच्याजवळ नेऊन ठेवते."

फेब्रुवारीत ती गेली, छातीच्या दुखण्याने, चार दिवसांत. जमीन लोखंडासारखी गोठलेली होती, म्हणून हिवाळ्यात मेलेल्या बाकीच्यांबरोबर तिची पेटी दफनभूमीच्या दगडी शवघरात ठेवली. तिथे त्या वर्षी पाच पेट्या होत्या. चार जणांची माणसं बर्फ वितळेपर्यंत अधूनमधून येऊन दाराशी उभी राहायची. तिच्यासाठी दोना एकदा आला, दार कोणतं ते त्याला आठवेना, चर्चला वळसा घालून परत गेला.

मेमध्ये फादरांनी रोझेरला कळवलं, कारण लहान मुलीची जागा कुटुंबाची होती आणि कुटुंबाचा माणूस तोच. तो स्वतः आला. कबर खणणाऱ्या फिलियासला घेऊन कोपऱ्यात गेला, पावलांनी अंतर मोजलं, दगडापासून तो कोपरा चांगला लांब आहे अशी खात्री केली, आणि परवानगी दिली. फिलियासने विचारलं, क्रूसावर दुसरी तारीख घालायची का, छिन्नीने दहा मिनिटांचं काम आहे. रोझेर म्हणाला, घालू नकोस, वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. फिलियास नंतर मला म्हणाला की खणताना त्याला काही सापडलं नाही, एवढ्या वर्षांत काय उरतंय. त्याला उथळ खणावं लागलं, खाली खडक होता, आणि मोठ्या माणसाची पेटी लहान मुलाच्या जागेत तिरकी बसली.

दफनाला आम्ही सहा जण होतो. दोना रडला. यूगेतने पांढऱ्या फुलांचा गुच्छ आणला होता. तो तिने अर्धा तिथे ठेवला आणि अर्धा सासूच्या दगडापाशी नेला. तिथे दगडावर रोझेरचं आणि तिचं नाव एव्हाना कोरून झालं होतं, जन्माची सालं घालून, पुढची जागा मोकळी.

मग आम्ही कचेरीत आलो. नोंद मी आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती, फादरांनी सांगितली तशी. मारी-क्लोतिल्द नोव्हेंबर. आणि त्यापुढे, तीनशे वर्षांपासून आमच्या वह्यांत लिहितात त्याच रीतीने, दोन शब्द मी माझ्या मनाने घातले होते: म्हणवणारी ब्रिझफेर. आयुष्यात त्या वहीत मी स्वतःहून घातलेले तेवढेच. फादरांनी वाचलं होतं आणि तसंच राहू दिलं होतं.

रोझेरने साक्षीदार म्हणून सही करायला पेन घेतलं, वाचलं, आणि पेन खाली ठेवलं. त्याचं म्हणणं, हे इथे कुठून आलं. फादर म्हणाले, गाव तिला त्याच नावाने ओळखत होतं, आणि तुमचा पहिला पुरुषही असाच लिहिलेला आहे. रोझेर म्हणाला, तो पहिला होता. हिच्यानंतर कोण येणार आहे? हे काढल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि वर बिशपांना पत्र लिहीन.

फादर कुतूरिए त्या वसंतात फार थकले होते. त्यांना पुढच्या गावी आणखी दोन दफनं होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काढा म्हणून मान हलवली.

वहीत खाडाखोड चालत नाही. खोडायचं तर एकच बारीक रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं, आणि समासात किती शब्द काढले ते लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या. मी पट्टी लावून रेघ मारली. समासात लिहिलं: दोन शब्द रद्द. फादरांनी सही केली. रोझेरने केली, पूर्ण, मधलं नाव घालून. दोनाने आपली खूण केली. मग वही माझ्याकडे वळवली आणि मीही केली.